‘अर्धवट अ‍ॅडव्हेंचर’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या जैसलमेरच्या सहलीला दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क. पण रिव्ह्यू वाचून जानेवारीत येणाऱ्या ग्रुपमधल्या काही जणांचे फोन आले, म्हणून उत्तर इथेच लिहिते. तुमच्या तक्रारी अशा: पॅरामोटरिंग (इंजिन लावून पॅराशूटसारख्या कापडाखाली उडणं) ऐन वेळी रद्द केलं, आईंना जीपमध्ये बसू दिलं नाही, जैसलमेरला हॉटेल किल्ल्याबाहेर दिलं, सीमेजवळचं तनोट-लोंगेवाला दाखवलं नाही, आणि वाळूतल्या खुरी गावचा तंबूंचा कॅम्प ‘मेलेला’ निघाला.

आधी पॅरामोटरिंग. ‘समला बाकीचे उडत होते’ असं तुम्ही लिहिलंय; सम म्हणजे जैसलमेरजवळच्या गजबजलेल्या वाळूच्या टेकड्या. उडत असतील. दुपारी वाळू तापली की हवा वर उसळते, आणि त्यात वारा भरला की ते कापड कुठे नेऊन आपटेल याचा नेम नसतो. म्हणून उड्डाण सकाळी लवकर, नाहीतर ऊन उतरल्यावर. त्या संध्याकाळी वारा पडलाच नाही. पायलट नाही म्हणाला की आमच्याकडे विषय संपतो. ‘बघ ना जरा, पाहुणे लांबून आलेत’ अशी गळ आम्ही त्याला घालत नाही. पैसे त्याच रात्री यूपीआयने परत केले. तेवढं लिहायचं तुमच्याकडून राहून गेलं असावं.

आता आई. बुकिंगच्या फॉर्ममध्ये ‘मणक्याचा त्रास’ हे तुम्हीच लिहिलं होतं. जीप वाळूत घालण्याआधी ड्रायव्हर चाकांतली हवा कमी करतो, मग गाडी टेकडीच्या धारेवर चढवून पलीकडे नाक खाली करून सोडतो. पट्टा लावलेला असला तरी प्रत्येक आपट थेट कमरेत जाते. ‘आम्ही लिहून देतो’ असं तुम्ही म्हणालात, पण सही केल्याने मणका सांभाळला जात नाही. उंटालाही आम्ही नाही म्हटलं, त्याचं कारण तेच. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, माणूस एकदम पुढे फेकला जातो; मागे रेलून खोगीर घट्ट धरायला जमलं नाही तर तोल गेलाच. म्हणून त्यांच्यासाठी उंटगाडी बोलावली, गादी टाकून, जादा पैसे न घेता. त्या आरामात टेकडीपर्यंत आल्या आणि सूर्यास्त सगळ्यांबरोबर पाहिला. ‘सीनियर सिटिझनना काहीच नाही’ हे वाक्य म्हणून मला पटलं नाही. उद्या माझी आई आली तरी तिला जीपमध्ये बसवणार नाही.

किल्ल्यात मुक्काम आम्ही मुद्दाम देत नाही. 1156 साली रावळ जैसलने वसवलेला हा किल्ला, आणि आत आजही कुटुंबं राहतात. आपल्याला रिकाम्या गडांची सवय, त्यामुळे ‘आत नुसती घरं आणि दुकानं’ असं वाटणं साहजिक आहे, पण बघायचं तेच तर आहे! अडचण पाण्याची. बेताच्या पाण्यावर जगणाऱ्या गावासाठी ही बांधणी झाली. पुढे नळ आले, हॉटेलं आली, खोलीगणिक बाथरूम आलं, आणि ते सगळं पाणी खालच्या ठिसूळ टेकडीत मुरायला लागलं. काही बुरूज ढासळलेसुद्धा. आपल्या आंघोळीची त्यात भर नको, इतकाच हिशेब. गच्चीवरून अख्खा किल्ला दिसेल असं हॉटेल बाहेर शोधलंय, आणि चालत वर जायला फार वेळ लागत नाही.

तनोट शहरापासून सुमारे 120 किलोमीटर. लोंगेवाला धरून जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, आणि तिथून पुढे सीमेपर्यंत जायला सीमा सुरक्षा दलाची परवानगी काढावी लागते. दोन रात्रींत ते बसवायचं तर किल्ला तरी सोडा, नाहीतर वाळू तरी. तीन रात्रींच्या सहलीत ते आहे. दरपत्रकात दोन्ही शेजारी-शेजारी छापलंय.

राहिला खुरीचा कॅम्प. डीजे नव्हता, खरंय. तो समला भरपूर मिळतो, हवा असेल त्यांना आम्ही तिथलीच ठिकाणं सुचवतो. आमच्याकडे मांगणियार, म्हणजे इथले पिढीजात लोकगायक, येतात, कमायचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) आणि खडताल (हातातल्या लाकडी पट्ट्या) घेऊन, माइकशिवाय. त्यांच्या गाण्याला तुमच्या टेबलावरून ‘काहीतरी फास्ट लावा’ अशी फर्माईश आली होती, ती मी ऐकली. गिझर नाही हेही खरं. सकाळी बंबाचं गरम पाणी बादलीने तंबूत पोचतं. थंडीचं म्हणाल तर डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो; हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू अंधार पडताच गार पडते. स्वेटर, कानटोपी, मोजे ही यादी ग्रुपवर निघण्याआधी टाकली होती. तिसरी रजई मागितलीत तेव्हा ती लगेच दिली.

जानेवारीत येणाऱ्यांना एक विनंती: पाठ, गुडघे, बीपी, जे असेल ते फॉर्ममध्ये खरं लिहा. त्यावरून कुणाला कशात बसवायचं ते आम्ही आधी ठरवतो, जागेवर वाद होत नाही.

आणि सर, तुमच्या मुलाचा चार्जर आणि एक पायमोजा तंबूत राहिलाय. पत्ता व्हॉट्सअ‍ॅप करा, सोमवारी कुरिअर करते.