नुसता वेळ जाऊन भागत नाही
दुःखावर 'वेळ हेच औषध' असं एका लेखात वाचलं, ते मला अर्धंच पटलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची श्रीवर्धनची सुपारीची वाडी आडवी झाली, वर्षभरात बाबा गेले. पुढची दोन वर्षं मी वाडीत पाऊल टाकलं नाही. आई मात्र नव्या रोपांना रोज शिंपणं करायची (सुपारी धरायला पाच-सहा वर्षं लागतात, हे तिला कोण सांगणार!). शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला. फुकट आहे, मराठीत बोलतात. पलीकडच्या ताईंनी एवढंच विचारलं, "आज काय जमलं?" त्या दिवशी एक आळं साफ केलं होतं, तेच सांगितलं. वाईट दिवस अजून येतात, पावसाळ्यात जास्तच. पण परवा एका पोफळीला (सुपारीच्या झाडाला) पहिली पोय, म्हणजे फुलोरा, दिसली आणि आईला हाक मारत धावले.