पिरॅमिड माणसांनीच बांधलेत, मुलांची पुस्तकं काढून घेऊ नका

"पालकांनो सावधान, मुलांना इजिप्तची पुस्तकं देण्याआधी हे वाचा" असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. एरवी मी असलं काही न वाचता पुढे जाते. पण हा आमच्या घरच्या ग्रुपवर आला, वहिनीला तो खरा वाटला, तिने भाच्याचं पिरॅमिडवरचं पुस्तक माळ्यावर टाकून दिलं, आणि आता पोरगा फोन करून विचारतोय की आत्या, ममीचं चित्र घरात असलं की खरंच कुणी मरतं का? तिसरीतल्या मुलाच्या डोक्यात हे भरवलं गेलं याचा मला प्रचंड राग आलाय, म्हणून बसून लिहितेय.

ज्यांच्याकडे तो मेसेज आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पिरॅमिड माणसांनी बांधलेच नाहीत, परग्रहावरच्यांनी बांधले आणि मुलांची पुस्तकं हे लपवतात. तुतनखामुन या राजाचं थडगं उघडणारे सगळे वर्षभरात मेले, त्यामुळे ममीची चित्रं घरात ठेवणं अशुभ. इजिप्तचे लोक मृत्यूने झपाटलेले, मुलांच्या मनावर वाईट परिणाम होतो. त्यांची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नाही, सगळे अंदाज आहेत. आणि शेवटी, ही पुस्तकं जुनी, चुकीची माहिती देतात.

पहिल्या मुद्द्यापासून सुरू करते कारण तो सगळ्यात बिनबुडाचा आहे. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ नावाच्या जागी पिएर ताले या फ्रेंच संशोधकाच्या टीमला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, लिहिलेले इतके जुने पपायरस आजवर दुसरे मिळालेले नाहीत. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. याच्या हाताखाली साधारण चाळीस माणसं, काम काय तर नाईलच्या पूर्वेकडच्या तुरा इथल्या खाणीतून पांढरा चुनखडीचा दगड बोटीत भरायचा आणि पाण्यातून गिझाला खुफू राजाच्या पिरॅमिडपाशी नेऊन उतरवायचा. आज तुराला दगड भरला, आज बोट निघाली, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम, उद्या गिझा, असं त्याने दिवसामागून दिवस लिहून ठेवलंय. दहा दिवसांत दोन-तीन खेपा व्हायच्या. त्या कामावर देखरेख करणारा वरचा अधिकारी अन्खहाफ, तो खुद्द खुफूचा सावत्र भाऊ, त्याचंही नाव आहे. सोबतच्या कागदांत माणसांसाठी आलेल्या धान्याचे, भाकरी आणि बिअरचे हिशोब आहेत. म्हणजे ज्या पिरॅमिडबद्दल हा मेसेज बोलतोय त्याच पिरॅमिडचा दगड वाहणाऱ्या माणसाच्या टीमची हजेरी-डायरी आपल्याकडे आहे, यापेक्षा मोठा पुरावा आणखी कसला हवा?

आणि बाकीचंही आहेच. पिरॅमिडपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर कामगारांची वस्ती खणून काढलीय, तिथे भाकरी भाजायच्या जागा, गुरांची हाडं, सगळं मिळालं. जवळच कामगारांच्या कबरी आहेत आणि त्यातल्या सांगाड्यांमध्ये मोडून नीट जुळून आलेली हाडं आहेत, म्हणजे हात मोडलेल्या माणसावर कुणीतरी उपचार केले होते. पिरॅमिडच्या आत, जिथे कुणी बघणार नाही अशा दगडांवर, गटांनी लाल रंगात आपली नावं लिहून ठेवलीत.

मुलांना सांगण्यासारखी खरी गोष्ट तर याच्याही आधीची आहे. इमहोतेप या वास्तुकाराने सक्कारात जोसेर राजासाठी पायऱ्यांचा पिरॅमिड उभा केला, मग खुफूचा बाप स्नेफेरू याने दहशूरला बांधायला घेतला तेव्हा उतार फार खडा ठेवला गेला, साधारण ५४ अंश, काम चालू असताना बांधकाम नीट बसेना म्हणून अर्ध्यावर तो ४३ अंशांवर आणावा लागला, आणि तो वाकडा पिरॅमिड आजही तसाच उभा आहे. त्यानंतरचा त्याचा पिरॅमिड सरळ आला आणि पुढच्या पिढीत खुफूचा साधारण १४६ मीटरचा. चुकत, सुधारत, बापाकडून मुलाकडे शिकत गेलेले लोक आहेत हे. आठ वर्षांच्या पोराला यातून जे मिळेल ते परग्रहवाल्यांच्या गोष्टीतून मिळणार आहे का?

याचा राग आपल्याला जास्त यायला हवा, कारण अगदी हेच व्हिडिओ वेरूळच्या कैलास लेण्याबद्दलही फिरतात, माणसाला हे शक्यच नाही म्हणून. तिथे दगडावर छिन्नीच्या खुणा दिसतात. अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं अर्धवट राहिलंय, त्यात काम कसकसं पुढे जायचं ते उघडं दिसतं. आपल्या पाथरवटांचं श्रेय कुणी काढून घेतलं तर आपण खवळतो, मग मेरेरच्या माणसांचं का काढून घ्यायचं?

आता शाप. पोराला घाबरवलं ते याच मुद्द्याने. हॉवर्ड कार्टर या इंग्रज संशोधकाला तुतनखामुनचं थडगं सापडलं १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये. लॉर्ड कार्नार्व्हन, खोदकामाला ज्याचा पैसा होता, तो १९२३ च्या एप्रिलमध्ये गेला हे खरं आहे, पण डास चावलेली जागा दाढी करताना कापली गेली आणि त्याचं रक्त दूषित झालं, तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती आणि त्याची तब्येत आधीपासूनच नाजूक होती. बाकीच्यांचं काय? स्वतः कार्टर १९३९ पर्यंत जगला. कार्नार्व्हनची मुलगी एव्हलिन, जी सगळ्यात आधी आत गेलेल्यांपैकी एक, ती १९८० साली वारली. ममीची प्रत्यक्ष तपासणी करणारे डॉक्टर डग्लस डेरी १९६१ पर्यंत होते. शापाचा बोभाटा झाला कारण आतल्या बातम्यांचे हक्क लंडनच्या 'द टाइम्स'ला विकलेले होते, बाकीच्या पेपरांना छापायला काहीतरी हवं होतं. आणि अशुभ म्हणाल तर बडोद्याच्या म्युझियममध्ये खरीखुरी ममी आहे, तिथली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या पोरांना घेऊन ती बघायला जातात.

मृत्यूने झपाटलेले लोक, हे अर्धं खरं दिसतं खरं, पण त्याचं कारण वेगळं आहे. राहती घरं मातीच्या विटांची, नदीकाठी, ती शेतांखाली गेली. थडगी कोरड्या वाळवंटात, म्हणून ती टिकली, म्हणून आपल्याला तीच दिसतात. आणि त्या थडग्यांच्या भिंतींवर काय आहे बघा, मासेमारी, कापणी, मेजवान्या, खुर्चीखाली बसलेलं मांजर. त्यांना जगणं इतकं आवडायचं की ते पुढेही चालू राहावं असं वाटायचं. ममी करणं म्हणजे शरीर नेट्रॉन नावाच्या क्षारात सुकवायचं, मग राळ लावून तागाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, सगळं मिळून ७० दिवस. मुलांना हे नीट सांगितलं की ती घाबरत नाहीत, उलट मीठ लावलेल्या सुक्या मासळीवर येऊन प्रश्न विचारायला लागतात.

लिपीचा मुद्दा दोन ओळींत संपतो. एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला रोझेटाचा दगड १७९९ मध्ये मिळाला, त्याच्या आधाराने शांपोलिओं या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ मध्ये लिपी उलगडली, घुबडाचं चित्र म्हणजे 'म' हा उच्चार. वाचता येत नसती तर मेरेरचं नाव तरी कुठून कळलं असतं?

राहिला शेवटचा मुद्दा, पुस्तकं जुनी असतात हा, आणि तो मला नाइलाजाने थोडा मान्य करावा लागतोय. अजूनही कित्येक पुस्तकांत उघडे गुलाम, वर चाबूक घेतलेला माणूस, असलंच चित्र असतं. इजिप्तमध्ये गुलाम नव्हते असं नाही, पिरॅमिडवरचे सगळे हौसेने आले होते असंही नाही, राजाच्या कामावर जावंच लागायचं. पण खाऊनपिऊन, गटागटाने, पाळ्यांमध्ये काम करणारी माणसं होती ती. दुसरं म्हणजे बऱ्याच पुस्तकांत शोध लावणारे सगळे गोरे साहेब, आणि खणणारे इजिप्शियन लोक चित्रात मागे उभे, बिननावाचे. हे खटकायलाच हवं. पण म्हणून पुस्तक माळ्यावर टाकायचं नसतं, बघून घ्यायचं असतं. विकत घेण्याआधी पिरॅमिडचं पान उघडा, कामगारांची वस्ती आहे का, मेरेर आहे का, की नुसता चाबूक आहे. राजे, सोनं आणि ममी सोडून शेतकरी, भाकरी, पूर, सेनेत नावाच्या खेळाचा पट, केसांची एक बट ठेवून डोकं भादरलेली मुलं आहेत का. आणि देर अल-मदिना या कारागिरांच्या गावातला संप आहे का तेही बघा. तिसऱ्या रामसेस राजाच्या राजवटीच्या २९व्या वर्षी राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांचं धान्य थकलं, तेव्हा ते हत्यारं खाली ठेवून देवळामागे जाऊन बसले आणि अधिकाऱ्यांना म्हणाले की आम्ही भुकेने आणि तहानेने इथे आलोय, कपडे नाहीत, मासे नाहीत, भाजी नाही, राजाला कळवा. जगातला लिहून ठेवलेला पहिला संप हा, त्याचा पपायरस आज इटलीत तुरिनला आहे. हे ज्या पुस्तकात असेल ते घ्या, आणि मेसेज पाठवणाऱ्यालाही एक प्रत द्या.