मशीन जुनंच आहे हो!

बिघाडाच्या मेलमध्ये 'कारण' या रकान्यात दोनच शब्द आहेत: जुनी सिस्टिम. सीसीमध्ये सगळं ऑफिस. ज्या मशीनला १९८८ मध्ये एएस ४०० म्हणत आणि आता त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावाने आयबीएम आय म्हणतात, ते कंपनीचा सगळा कारभार चालवणारं बिचारं बिलं काढतंय, स्टॉक मोजतंय, कधी हूं की चूं नाही. एका साहेबांचा शेअर्ड फोल्डर उघडला नाही, तर लगेच जुनी सिस्टिम!

फोल्डर उघडत नसेल तर आधी बघायचं ते थोडकंच. 'नेटस्टॅट' कमांडच्या तिसऱ्या पर्यायात एफ१४ दाबून ४४५ पोर्ट, म्हणजे फोल्डर शेअरिंगचं दार, कान देऊन बसलंय का ते पाहायचं. 'वर्क ॲक्ट जॉब' या चालू कामांच्या यादीत क्यूसर्व्हर सबसिस्टिम उघडून क्यूझेडएलएस-सर्व्हर हा जॉब जिवंत आहे का ते पाहायचं. तो नसेल तर नेटसर्व्हर, म्हणजे मशीनवरचे फोल्डर पीसींना उघडून देणारा भाग, चालूच नाही. सुरू करा आणि चहाला जा. इथे दोन्ही ठणठणीत होते. आणि मागे साहेब उभे होते.

लेखा विभागाचे साहेब खुर्चीवर कधी बसत नाहीत. ते आपल्या खांद्याच्या मागे उभे राहून स्क्रीन वाचतात, मोठ्याने.

"मशीनच्या काळ्या स्क्रीनवर माझं लॉगिन होतंय," साहेब म्हणाले. "म्हणजे पासवर्ड बरोबर. म्हणजे सर्व्हर गेला."

"साहेब, नेटसर्व्हर आपला हिशेब वेगळा ठेवतो. चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा आला की तो फक्त फोल्डरपुरतं प्रोफाइल, म्हणजे तुमचं खातं, बंद करतो. काळ्या स्क्रीनला त्याचा पत्ताही नसतो."

"पण इथे एनेबल्ड लिहिलंय!"

लिहिलेलं असतंच. खरी गंमत, म्हणजे खरा वैताग, इथेच आहे. 'वर्क यूझर प्रोफाइल'मध्ये स्टेटस एनेबल्ड दिसतं, माणूस निश्चिंत होतो आणि केबल तपासत बसतो. किती चुका चालतील ती मर्यादा ठरवते क्यूमॅक्ससाइन ही सिस्टिम व्हॅल्यू, म्हणजे मशीनची सेटिंग, आणि कबुलीजबाब पडलेला असतो क्यूसिसओपर या ऑपरेटरच्या पेटीतल्या संदेशांत: सीपीआयबी६८२, अमुक प्रोफाइल नेटसर्व्हरसाठी बंद केलं. वेळेसकट. मशीनने सगळं लिहून ठेवलेलं असतं. वाचायला मात्र कोणी जात नाही.

"एकदा सगळं बंद करून चालू करा ना."

"साहेब, सगळं म्हणजे गोदाम, बिलिंग, डिस्पॅच..."

"मग फक्त ते नेट-काय-ते."

आता सांगायला जीव जड होतो, पण यात साहेब बरोबर आहेत. नेटसर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केला की बंद झालेली प्रोफाइलं खरंच मोकळी होतात. फोल्डर उघडतो, साहेब विजयी चेहऱ्याने जागेवर जातात, आणि त्या क्षणी फाइल उघडून बसलेल्या बाकीच्या सगळ्यांची जोडणी तुटते, ते कोणी मोजत नाही. खरं तर 'चेंज यूझर प्रोफाइल' कमांड त्या प्रोफाइलवर चालवायची, काहीही न बदलता एंटर. एवढ्यावर तेवढाच माणूस सुटतो. पण हा उपाय चार सेकंदांत होतो, म्हणून कुणाला त्यात विद्या दिसत नाही.

मागेही असंच झालं होतं. मशीनवरून काढलेली फाइल साहेबांच्या पीसीवर उघडली तर पानभर ॲटची चिन्हं. "व्हायरस!" असा निकाल तेव्हाही उभ्याउभ्याच लागला. व्हायरस कसला? मशीनची लिपी एब्सिडिक. तिच्यात रिकामी जागा म्हणजे हेक्स ४०, आणि पीसीच्या आस्कीत ४० म्हणजे ॲट. जिथे जिथे काही नव्हतं, तिथे तिथे ॲट उगवलं. 'कॉपी टू इम्पोर्ट फाइल' करताना सीसीएसआयडी, म्हणजे लिपीचा क्रमांक, १२०८ (यूटीएफ-८) दिला की झालं. फक्त त्याच नावाची जुनी फाइल आधी उडवायची, नाहीतर नवा मजकूर जुन्याच फाइलच्या सीसीएसआयडीत जाऊन बसतो आणि तुम्ही दिलेला आकडा कोणी विचारत नाही. ही गोष्ट मी त्यांना समजावली होती. साहेबांनी मान हलवून "अँटिव्हायरस अपडेट करा" असं सांगितलं.

तर, मोकळं केलेलं प्रोफाइल पुन्हा बंद पडलं. पडणारच होतं. साहेबांनी पासवर्ड बदलला होता आणि कुठेतरी कोणीतरी जुना पासवर्ड जपून ठेवला होता. पहिला संशय पीसीतल्या क्रेडेन्शियल मॅनेजरवर, म्हणजे पासवर्ड साठवणाऱ्या कप्प्यावर. 'नेट यूझ'ने जुन्या जोडण्या बघून तोडा, साठवलेली नोंद पुसा. तोडलं, पुसलं, तरी बंद. मग ऑडिट जर्नल, म्हणजे मशीनची सुरक्षेची रोजवही. क्यूऑडलेव्हल या सिस्टिम व्हॅल्यूमध्ये ऑटफेल लावलेलं असेल तर चुकीच्या पासवर्डची प्रत्येक नोंद पीडब्ल्यू प्रकारात सापडते. वेळा पाहिल्या आणि चित्र स्वच्छ झालं: नोंदींमधलं अंतर सगळीकडे सारखं. माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही.

कोपऱ्यातला स्कॅनर. कागद स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारा, नवा, टचस्क्रीनवाला. त्याच्या ॲड्रेस बुकमध्ये साहेबांचंच प्रोफाइल आणि साहेबांचाच जुना पासवर्ड होता. "वेगळं प्रोफाइल कशाला, माझंच टाका" हा आग्रह कोणाचा, ते सांगायला नको. अडलेलं स्कॅन तो पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि दर फेरीला साहेबांना बाहेर काढत होता.

स्कॅनरसाठी वेगळं प्रोफाइल केलंय. नाव दहा अक्षरांच्या आत, कारण मशीनला त्याहून लांब चालत नाही. सुरुवातीचा मेनू साइन-ऑफ, म्हणजे त्या नावाने काळ्या स्क्रीनवर कोणी घुसू नये. पासवर्डची मुदत नो-मॅक्स, आणि अधिकार त्या एकाच फोल्डरवर. मेलमधलं कारण बदलून द्या म्हणून मीही उत्तर पाठवलं. उत्तराला उत्तर आलं: तिकीट बंद झालंय, आता रकाना बदलता येत नाही.