हिंदी सिनेमाच्या तिकिटातून मराठी सिनेमा

2025 च्या जुलैत ‘सैयारा’ आणि ‘येरे येरे पैसा 3’ एकाच शुक्रवारी लागले. ‘सैयारा’ला गर्दी लोटली, मराठी चित्रपटाचे शो उतरवले गेले. मग राजकीय पक्षांचे इशारे आणि वाहिन्यांवर चर्चा. मी फ्रान्समध्ये, लियोंला राहतो. इथून हा वाद वाचताना जीव तुटतो. मराठीला शो मिळायलाच हवेत, मागणी रास्त आहे. पण आपण फार थोडं मागतोय.

फ्रान्समध्ये सिनेमाच्या प्रत्येक तिकिटातून 10.72 टक्के कर कापला जातो, मग चित्रपट हॉलिवूडचा असो नाहीतर गावच्या पोराने काढलेला. हा पैसा सीएनसीकडे जातो. 1946 साली स्थापन झालेली ही राष्ट्रीय सिनेमा संस्था. टीव्ही वाहिन्या आणि स्ट्रीमिंग कंपन्यांकडूनही तिला वाटा मिळतो. त्यातून निर्मात्याला पुढच्या चित्रपटासाठी मदत होते, आणि थिएटरमालकालाही खुर्च्या नि प्रोजेक्टर बदलायला पैसे मिळतात. कलात्मक चित्रपट ठरावीक प्रमाणात दाखवणाऱ्या थिएटरला वेगळं अनुदान असतं. माझ्या घराजवळच्या छोट्या थिएटरात आठवड्याच्या मधल्या वारी एखादा इराणी चित्रपट लागतो. वीस-पंचवीस माणसं असतात, बरीचशी पांढऱ्या केसांची, चित्रपट संपल्यावर नामावली पूर्ण होईपर्यंत कुणी उठत नाही. तो शो मालकाला परवडतो, म्हणून टिकतो. त्याला कुणी धमकावलेलं नसतं.

आपल्याकडे शंभर रुपयांवरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी लागतो, त्यातला निम्मा राज्याचा. त्या नऊमधले दोन टक्के जरी मराठी चित्रपटांसाठी आणि ते दाखवणाऱ्या थिएटरांसाठी राखून ठेवले, तर मोठा हिंदी चित्रपट हाऊसफुल्ल गेल्यावर मराठी निर्मात्यालाही आनंद होईल. आज तो धास्तावतो.

‘चांगला सिनेमा काढा, लोक येतील’, असं घरचे मित्र मला ऐकवतात. ‘दशावतार’ने ते खरं करून दाखवलं. ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांचा बाबुली पाहायला लोक सहकुटुंब गेले. मीही 2025 च्या सप्टेंबरात पुण्यात होतो, भरलेल्या थिएटरात पाहिला आणि तृप्त झालो. पण त्याच महिन्यात ‘साबर बोंडं’ लागला होता. रोहन कानवडेंचा हा पहिलाच चित्रपट, अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागात सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी अडकलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या, इतक्या हळुवार मायेची गोष्ट मराठीत मी पाहिली नव्हती. आम्हाला त्याचा शो मिळाला तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, सकाळी. नोकरदार माणसाने तो कधी पाहायचा? चांगला सिनेमा निघाला होता, लोकांना तो गाठताच येत नव्हता.

फ्रेंच व्यवस्थेवर इथेही टीका होते. कुणी पाहत नाही असे चित्रपट दरवर्षी निघतात, त्याच त्या वर्तुळात पैसा फिरतो, असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तरीही 2024 मध्ये इथे विकल्या गेलेल्या 18 कोटींहून जास्त तिकिटांपैकी 44 टक्क्यांहून अधिक फ्रेंच चित्रपटांची होती. एवढा वाटा मिळणार असेल तर काही फसलेले चित्रपट मला चालतील.

सीएनसी व्हिडिओ गेमनाही निधी देते, आणि मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो याचा. मोंपेलिएच्या सँडफॉल या छोट्या स्टुडिओचा ‘क्लेर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन 33’ एप्रिल 2025 मध्ये आला आणि डिसेंबरात वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. त्यातल्या ल्युमिएर शहरासमोर एक महाकाय चित्रकर्ती दरवर्षी एक आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसं विरून जातात. सुरुवातीलाच बंदरावर गुस्ताव्ह सोफीचा हात धरून उभा असतो, आणि बघता बघता तिच्या पाकळ्या होऊन उडतात. खेळाचा ढाचा जपानी, पण शहर, गाणी, शोक करायची रीत अस्सल फ्रेंच. ते जगाला समजावून सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

आपल्याकडे हे होणार नाही, असं कुणी म्हटलं की मी ‘राजी’चं नाव घेतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 2020 मध्ये काढलेला हा गेम. भावाला सोडवायला दुर्गेचं त्रिशूळ घेऊन निघालेली मुलगी, राजस्थानी महाल, गोष्ट सांगणाऱ्या सावल्यांच्या बाहुल्या. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी ते हटले नाहीत आणि गेम जगभर पोचला. आपल्या सांस्कृतिक धोरणाच्या चर्चेत नाटक येतं, सिनेमा येतो, पण अशा स्टुडिओचा कुणी विषयही काढत नाही. तिकिटातला वाटा मागायचाच असेल तर त्यात गेमचा हिस्सा पहिल्या दिवसापासून लिहून घ्या. मराठीतून बोलणारा, दशावताराचे मुखवटे किंवा वारीची वाट घेऊन येणारा गेम करू शकतील अशी पोरं पुण्यात आजच आहेत, आणि ती दुसऱ्यांच्या गेमसाठी झाडं-दगड रंगवून देतायत.