भोंगा वाजला, पुढे काय?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात १५ ऑगस्ट २०२२पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावं, हा हेतू. या मे महिन्यात आमच्या सोलापूरच्या घरच्या ग्रुपवर त्यावरूनच जुंपली आहे. पारा ४३च्या पुढे, सकाळी अकरानंतर उंबऱ्याबाहेर पाय टाकायची सोय नाही. सगळे कूलरसमोर एकाच खोलीत, आणि प्रत्येकाची मान आपापल्या फोनमध्ये. दादाचं म्हणणं, दुपारी दोन तास सगळ्यांचे फोन टोपलीत जमा करायचे. त्याच्या लेकीचं उत्तर: "पप्पा, तुम्ही फोन टोपलीत टाकून घोरणार, आणि आम्ही काय पंखा बघत बसायचं?"

मला पुतणीचं पटतं. मी जर्मनीत राहतो आणि इथे आठवड्यातून एक दिवस अख्ख्या देशाचाच भोंगा वाजलेला असतो. रविवारी दुकानं बंद. ही विश्रांती थेट राज्यघटनेत आहे. १९१९च्या वायमार घटनेतलं कलम १९४९च्या घटनेनेही कायम ठेवलं. रविवारी भिंतीला ड्रिल लावलं तर शेजारी दार ठोठावतात. एवढी निवांत सुट्टी मिळाल्यावर घरं जवळ येतात का? काही येतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजीबाई मात्र दिवसभर खिडकीत बसून असतात. मुलगा दुसऱ्या शहरात आहे, सुट्टी त्यालाही असतेच. त्यांच्याच खालच्या घरात दुपारी चारला कॉफी-केक होतो आणि मग टेबलावर पट मांडून तीन पिढ्या भांडत बसतात. पटावरच्या खेळांचं इथे भलतंच प्रस्थ. वर्षातल्या उत्तम खेळाला १९७९पासून पुरस्कार दिला जातो. माझा आपला अंदाज असा, की घरकाम यंत्रांनी उचललं, सगळ्यांनी मिळून हात घालावा असं काही उरलं नाही, म्हणून यांनी टेबलावर एक लुटुपुटीचं काम मांडलं. मी चेष्टा करत नाही. खालच्या घरात ते चालतं, हे दर रविवारी जिन्यात ऐकू येतं.

सोलापुरात खरं काम अजून शिल्लक आहे. पाणी येण्याचा दिवस आठवा. उजनी धरण भरलं तरी शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी एकदा, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. ती लाजिरवाणी गोष्ट आहे, तिचं कौतुक नकोच. पण त्या दोन-तीन तासांत आमच्या घरात कोणाच्या हातात फोन दिसत नाही. कोणी मोटर लावतं, कोणी पाइप धरतं, आई पिपं मोजते, आणि पुतणी बापाला हुकूम सोडते. "चला, आता गप्पा मारू या" असं कोणी म्हणत नाही, तरी सगळ्या आठवड्याचं बोलणं तेव्हाच होतं. शहराला भोंगाही नवा नाही. १८७७ सालच्या जुन्या मिलच्या भोंग्यावर आजोबांचं आयुष्य गेलं, पण तो माणसांना घरातून कामावर नेणारा होता. घरातल्या माणसांना नुसतंच समोरासमोर बसवणारा भोंगा निम्मंच काम करतो.

परदेशातून फोन करणाऱ्यांचं दुखणं तेच. "जेवलास का, ऊन किती आहे" इथे बोलणं संपतं. आता रविवारी सोलापुरात दुपारचे तीन, म्हणजे उन्हाळ्यात माझे साडेअकरा, तेव्हा मी फोन लावून शेल्फवर उभा करतो आणि दोन्हीकडे काहीतरी काम चालू ठेवतो. आई उखळात शेंगाचटणी कुटते, मी लसूण सोलतो. आत्याने जुन्या फोटोंचा डबा काढलाय. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहायची. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या एका फोटोत नंदीध्वजाच्या उंच काठीशेजारी उभा असलेला मुलगा कोण, यावर आई आणि आत्या अजून एकमत व्हायला तयार नाहीत, आणि त्या वादात मला आमच्या भावकीची अशी माहिती मिळाली जी विचारून कधी मिळाली नसती. माझा मुलगा पुतणीशी नाव-गाव-फळ-फूल खेळतो. 'क'वरून त्याने कार्ल्सरुहे लिहिलं, ते आत्याने बाद केलं. सोलापूरजवळचं कुंभारी मात्र चालतं म्हणे.

पण एक गोष्ट ग्रुपवर कोणी बोलत नाही. सोलापुरातच पूर्व भागात हजारो घरांत बायका विड्या वळतात. पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं, सगळं घरातच, पत्र्याखाली, याच उन्हात. सासू-सून-लेक दिवसभर एकत्र, हातात काम, तोंडाने तेलुगू-मराठी गप्पा. माझ्या वरच्या सगळ्या म्हणण्याप्रमाणे त्या घरांत जवळीक ओसंडून वाहायला हवी. कदाचित वाहतही असेल. पण तिथे मजुरी हजार विड्यांमागे मिळते, कारखान्यात त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला पडतात आणि हात थांबला की पैसा थांबतो. त्यांना भोंगा नको, टोपली नको, माझा पटही नको. त्यांना जर्मनीतला रविवार हवा, आणि तोही मजुरी न बुडता. दर वाढवून मागायला त्या मोर्चा काढतात तेव्हा रस्ता अडला म्हणून कुरकुरणाऱ्यांत आमचा दादाही असतो.