बाणूरगड, मेफेअर आणि एक शपथ

माझ्या भाच्याने या सुट्टीत ‘प्रिन्सेस प्रिन्सिपल’ ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका पाहिली आणि ती जिथे घडते त्या लंडनमध्ये आत्या राहते, म्हणून मला रात्री उशिरापर्यंत प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी दादाने घरच्या ग्रुपवर लिहिले की, ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्या राजघराण्याची चाकरी करणाऱ्या मुलींची कार्टुने पाहून मुलांच्या अंगात गुलामीच भिनणार, आणि बहिर्जी नाईकांच्या मुलखातल्या पोरांना हेर पाहायला लंडनला जाण्याची गरज नाही. खाली आठ-दहा नातेवाइकांनी हात जोडले. तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही.

दादाने या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही. २०१७ साली आलेल्या आणि मासाकी ताचिबाना यांनी दिग्दर्शित केलेल्या या बारा भागांतले लंडन क्रांतीनंतर भिंतीने दुभंगले आहे. एकीकडे अल्बियनचे राज्य, दुसरीकडे त्याच्याशी वैर धरलेले कॉमनवेल्थ. अँज आणि डोरोथी लंडनच्या मेफेअर भागातल्या शाळेत विद्यार्थिनी म्हणून वावरतात, पण त्या कॉमनवेल्थच्या हेर आहेत, म्हणजे राजघराण्याच्या चाकर नव्हेत, तर त्याच्याविरुद्ध पेरलेल्या मुली आहेत. राजकन्या शार्लट त्यांना पकडून देत नाही, उलट सौदा करते: मी तुमच्यासाठी हेरगिरी करीन, तुम्ही मला राणी करा. तिला राणी व्हायचे आहे ते ती भिंत पाडण्यासाठी. पुढे, आठव्या भागात, कळते (हे उघड केल्याबद्दल भाच्याने मला क्षमा करावी, पण त्यावाचून माझे म्हणणे पुरे होत नाही) की खरी राजकन्या अँज आहे आणि राजवाड्यात वाढलेली मुलगी रस्त्यावरची खिसेकापू होती. लहानपणी दोघींनी खेळ म्हणून कपडे बदलले, नेमकी त्याच दिवशी क्रांती पेटली आणि दोघींची ताटातूट झाली. राजरक्ताला इतके निरर्थक ठरवणाऱ्या गोष्टीला गुलामीचे शिक्षण म्हणणे मला सहन होत नाही.

ही मालिका देखणी आहे हेही मी ठासून सांगेन. धुक्यातले दिवे, कॅव्होराइट नावाच्या द्रव्याच्या हिरव्या उजेडात छपरांवरून तरंगत जाणारी अँज, युकी काजिउरा यांचे संगीत, आणि कथाक्रमातल्या तेराव्या प्रकरणापासून सुरू होऊन मागेपुढे जाणारी मांडणी, हे सारे लक्ष देऊन पाहावे लागते. ज्या मेफेअरमधून मी नेहमी जाते तेच जपानी चित्रकारांनी धुरकट करून दाखवले, तेव्हा मला ते पहिल्यांदा नीट दिसले.

राहिला बहिर्जींचा प्रश्न. बाणूरगडावरच्या त्यांच्या समाधीपुढे मी शाळेच्या सहलीत उभी राहिले आहे, आणि १६६४ च्या सुरतेच्या प्रसंगी सभासदाच्या बखरीत त्यांचे नाव येते हे दादाला मीच सांगितले होते. तेही राजासाठीच हेरगिरी करत होते. दादा म्हणेल, तो राजा आपला होता आणि राज्य रयतेचे होते. मला ते मान्य आहे. पण मग निष्ठा कोणासाठी आणि कशासाठी, हाच खरा प्रश्न उरतो, आणि तो ही मालिका विचारते. इथे तो रस्त्यावरही विचारला जातो; २०२३ मध्ये चार्ल्स राजाच्या राज्याभिषेकाच्या दिवशी ट्राफलगर चौकात ‘माझा राजा नाही’ असे पिवळे फलक उभे होते. त्यांतल्या काहींना पोलिसांनी सकाळीच धरून नेले, हेही खरे आहे. आपल्याकडच्या ग्रुपवर मात्र वेगळे मत लिहिले की थेट घराण्याचा उद्धार होतो.

मालिकेतल्या पाच हेर मुलींत माझी आवडती चिसे आहे. ती जपानहून आलेली आहे, तलवार चालवते, आणि लंडनमध्ये काय पाहिले याचा अहवाल मायदेशी पाठवते. भाच्याने मला विचारले, “आत्या, ती नेमकी कोणाच्या बाजूची?” मी त्याला कथेतले उत्तर दिले. दादाला मी दर रविवारी फोनवर जे सांगते तोही तसाच अहवाल असतो: हवा, काउन्सिल टॅक्स, महाराष्ट्र मंडळातला गणपती. ज्याने त्याला त्रास होईल ते मी त्यात घालत नाही.

म्हणून आज ते लिहिते. २०१६ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेताना ब्रेंट सिव्हिक सेंटरमध्ये मी एलिझाबेथ राणीशी आणि कायद्याने येणाऱ्या तिच्या वारसांशी एकनिष्ठ राहीन, असे हात वर करून म्हटले. भारतीय पासपोर्ट परत करून परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड घेतले. घरी मी त्याला कागदपत्रांचे काम म्हटले होते, पण ती शपथ उच्चारताना माझा आवाज दाटून आला होता आणि तो का दाटला, हे मला त्या क्षणी उमगले नाही. राणी गेली तेव्हा, सप्टेंबर २०२२ मध्ये, तिच्या शवपेटीच्या दर्शनासाठी मी साउदर्क पार्कच्या रांगेत लागले. मनगटाला पट्टी बांधून, रात्रभर नदीच्या कडेने पुढे सरकत, पहाटे वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये पोचले. पुढची बाई झुकली. मी झुकले नाही, बाणूरगडावर केला होता तसा नमस्कार केला आणि बाहेर आले. ब्रिजवर उभी असताना दादाचा फोन आला. कुठे आहेस, असे त्याने विचारले आणि मी म्हणाले, कामावर निघाले आहे.