‘क्रुकेड’ म्हणजे ‘करप्ट’ नव्हे : ‘एक जुना वाचक’ यांना उत्तर

नमस्कार.

‘क्रुकेड’ या शब्दावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “समानार्थी शब्द म्हणजे एकाच्या जागी दुसरा चालतो. क्रुकेड, करप्ट, बेंट, सगळ्यांचा अर्थ लबाड. त्याची एवढी चिरफाड कशाला? बडोद्यात बसून इंग्रजीची मास्तरकी करण्यापेक्षा मराठीवर लिहा. आणि उच्चार ‘क्रुकिड’ असा आहे.” लेख लांबला आणि उदाहरणं थिसॉरसमधून, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशातून, उचललेली वाटतात, असंही पुढे आहे.

उच्चाराचं म्हणणं मान्य. विशेषण असेल तर ‘क्रुकिड’ असंच ऐकू येतं, आणि बोट वाकवून कुणाला बोलावलं या अर्थाचं क्रियापद असेल तर ‘क्रुक्ट’, एका झटक्यात. हा फरक इथे आणून दिलात, चांगलं केलंत. मराठीत ‘क्रुकेड’ असं लिहिलेलं लोकांना चटकन कळतं, म्हणून मी तेच ठेवते.

पण ‘बडोद्यात बसून’ हे दोन शब्द कशासाठी? टीकेला माझी ना नाही. लेखात चूक दाखवा, मी ऐकेन. गाव काढायचं कारण काय? माझे वडील कचेरीत कारकून होते. घरात मराठी, दारात गुजराती आणि कागदावर इंग्रजी, असं आमचं दांडिया बाजारातलं आयुष्य. मी मराठी माध्यमात शिकले आणि पुढे सगळी नोकरी मराठी-गुजराती घरांतल्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात गेली. याच शहरात १९३१ साली, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला. राज्यकारभारातला एकेक इंग्रजी शब्द घेऊन त्याला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द दिलेले. शब्दाला शब्द लावताना किती जपावं लागतं हे ज्या गावाने एवढ्या मेहनतीने केलं, तिथे बसून मी एका इंग्रजी शब्दावर लिहिलं तर त्याला मास्तरकी म्हणायचं? असो. मास्तरीण तर मी होतेच.

आता तुमचं मुख्य वाक्य. एकाच्या जागी दुसरा चालतो म्हणता. कुठे चालतो? कॉम्प्युटरमधली फाइल करप्ट होते, क्रुकेड होत नाही. दात क्रुकेड असतात, करप्ट नसतात. हे योगायोगाने झालेलं नाही. ‘करप्ट’च्या मुळाशी लॅटिनमधलं मोडण्या-फोडण्याचं क्रियापद आहे : जे धड होतं ते बिघडलं, नासलं. म्हणून माणसाबद्दल तो शब्द बहुतेक वेळा अधिकाराच्या जागेसाठी येतो, कारण तिथे काहीतरी विश्वासाने हाती सोपवलेलं असतं. ‘क्रुकेड’च्या मुळाशी आकडा, म्हणजे हुक, आहे, जुन्या नॉर्स भाषेतला. मेंढपाळाची टोकाला वळलेली काठी म्हणजे ‘क्रुक’, कोपराच्या आतली खोबण म्हणजे ‘क्रुक ऑफ द आर्म’. इथे नासणं नाही, सरळ रेषा सोडणं आहे. वजनात मारणारा दुकानदार क्रुकेड. त्याला करप्ट म्हटलंत तर ऐकणारा विचारेल, हा कुठल्या खुर्चीवर बसतो?

आणि हा नैतिक अर्थ काल-परवा चिकटलेला नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात एके ठिकाणी जे क्रुकेड आहे ते सरळ केलं जाईल असं येतं, आणि दुसरीकडे तोच शब्द वाट सोडलेल्या पिढीला लावलेला आहे.

‘क्रुक’ म्हणजे भामटा हा बोलीतला अर्थ मात्र अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. १७ नोव्हेंबर १९७३ ला फ्लोरिडात ऑरलँडोला वृत्तपत्रांच्या संपादकांसमोर तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन म्हणाले, “आय ॲम नॉट अ क्रुक.” विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घरफोडीचं वॉटरगेट प्रकरण पेटलेलं होतं, पण त्या क्षणी ते आपल्या पैशांबद्दल बोलत होते, सार्वजनिक जीवनातून आपण कधी नफा केला नाही हे सांगत होते. ‘मी करप्ट नाही’ म्हणाले असते तर ते पुढाऱ्याचं रोजचं वाक्य ठरलं असतं. खिसेकापूला लावायचा शब्द राष्ट्राध्यक्षाने नाकारण्यासाठी का होईना स्वतःला लावला, म्हणून तो आजही लोकांच्या तोंडी आहे. तुमच्या हिशेबाने दोन्ही सारखंच.

‘बेंट’चं तर आणखी निराळं. लाचखाऊ पोलिसाला ‘बेंट कॉपर’ म्हणणं ही ब्रिटनमधली बोली. त्याच ‘बेंट’ने तिथे समलिंगी माणसांना हिणवलंही जायचं. आणि ‘बेंट ऑन’ म्हटलं की अर्थ होतो हट्टाला पेटलेला. हा शब्द न सांगता-सवरता मुलांच्या हाती द्यायचा?

तुम्ही म्हणता मराठीवर लिहा. अहो, हे मराठीवरच आहे. माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणारा एक मुलगा मकरपुऱ्याकडे एका कारखान्यात लागला. तिथला सुपरवायझर आडमुठा, रजा मागितली की फाटे फोडायचा. मुलाने वरच्या साहेबांना इंग्रजीत अर्ज दिला : ‘माय सुपरवायझर इज क्रुकेड.’ त्याच्या मनात होतं, हा माणूस वाकडा आहे. कागदावर उमटलं, हा माणूस लबाडी करतो. चौकशी लागली, पुरावा मागितला गेला. मुलाचा चेहरा उतरलेला मला आजही आठवतो. शेवटी माफीचा अर्ज द्यावा लागला, तो मी लिहून दिला. ‘सगळ्यांचा अर्थ एकच’ असं त्यालाही कुणीतरी शिकवलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना अशी मुलं भेटत नाहीत.

कारण मराठीतला ‘वाकडा’ चोर नसतो. ‘त्याचं नि माझं वाकडं आहे’ म्हणजे वैर. ‘वाकड्यात शिरू नकोस’ म्हणजे भांडण उकरू नकोस. पाऊल वाकडं पडलं तर शीलाचा प्रश्न येतो, पैशांचा नाही. शेजारच्या गुजरातीत ‘वांक’ म्हणजे चक्क दोष : ‘मारो शुं वांक?’ लबाडीला जवळचा वाकडेपणा हवा असेल तर तो ‘कुटिल’मध्ये आहे, आणि ‘कुटिल’ संस्कृतातून येताना दोन्ही अर्थ घेऊन आला. आणि चौदाव्या शतकात चोखोबांनी ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ म्हटलं तेव्हा बाहेरचं वाकडेपण आणि आतला भाव त्यांनी मुद्दाम वेगळे काढले. तिथे ‘डोंगा’ला ‘क्रुकेड’ लावायचं असेल तर वाचकाला आधी सांगावं लागेल की इथे लबाडीचा संबंध नाही. एवढं सगळं ‘चिरफाड’ या एका शब्दात निकालात काढता येतं का?

लेख लांबला, तर लांबला. थिसॉरस माझ्या टेबलावर असतो, तो लपवण्याची मला गरज वाटत नाही. त्यात शब्द शेजारी-शेजारी दिलेले असतात, कुठला कुठे बसतो ते वाचणाऱ्याने बघायचं असतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा असं एक वाक्य द्या, ज्यात ‘क्रुकेड’च्या जागी ‘करप्ट’ घातलं आणि अर्थ तसूभरही हलला नाही. आणि जमलं तर नावानिशी लिहा.